भिंतीपलीकडचा पुदिना

नाना दारात उभे राहिले तेव्हा महेंद्रच्या मामांनी भजं चटणीत बुडवलं होतं.

वाटणी झाल्यापासून माझ्या या सख्ख्या काकांनी आमचा उंबरा ओलांडला नव्हता. अंगात बनियन, पायजम्याला गुडघ्यापर्यंत माती, पायांत चपला नाहीत. पाहुणे बसलेत, दिवाणावर नवी चादर आहे, मी हिरव्या साडीत पाण्याचे पेले घेऊन उभी आहे, यातलं काही दिसतच नसल्यासारखे ते सरळ मामांपाशी गेले आणि त्यांचं मनगट धरलं.

“ठेवा ते खाली,” नाना म्हणाले.

मामा हसले. त्यांना वाटलं, घरातलंच कुणी थट्टा करतंय.

“खाली ठेवा म्हणतो ना. या घरची चटणी खायची नाही.”

आणि त्यांनी मामांच्या बोटांतून भजं काढून घेतलं.

त्या दिवशी माझं लग्न ठरायचं होतं. आधीची दोन स्थळं पत्रिकेवरून परत गेली होती आणि मला त्याचं फारसं काही वाटलं नव्हतं. हे मात्र मला हवं होतं. फलटणच्या एका शाळेत मी गणित शिकवत होते. महेंद्र ढेंबरे तरडगावचा, एका डेअरीच्या प्रयोगशाळेत नोकरीला. पहिल्या भेटीत आम्हाला अंगणात बोलायला पाठवलं, तेव्हा तो म्हणाला होता, “तुम्हाला शाळा सोडायची नसेल तर आमच्या फाट्यावर सकाळची एसटी थांबते. मी बघून ठेवलंय.” होकार द्यायच्या आधी एसटी बघून ठेवणारा माणूस मला पुन्हा भेटेल असं वाटत नव्हतं.

त्याच भेटीत मामांनी आईची पुदिन्याची चटणी तीनदा मागून घेतली. ढेंबरेबाई, म्हणजे महेंद्रची आई, विधवा. घरात शब्द त्यांच्या भावाचा, या मामांचाच चालतो असं मध्यस्थांनी आधीच सांगितलं होतं. उठताना मामा म्हणाले, “पुढच्या रविवारी सुपारी फोडू. पण भज्यांबरोबर चटणी हीच पाहिजे, काय?”

आई हसली खरी, पण तिची पंचाईत झाली. आमचा पुदिना त्या चटणीतच संपला होता. वाफ्यात नुसते खुंट उरले होते.

हा पुदिना आईनं लग्नानंतर नातेपुत्याहून माहेरून आणलेला, ओल्या फडक्यात गुंडाळून. न्हाणीचं पाणी जिथं मुरतं तिथं तिनं तो लावला आणि तो पसरत गेला. तिचा एक नेम होता. पानं खुडली की काडी टाकायची नाही. खालची पानं काढायची, काडी तेलाच्या कापलेल्या डब्यात खत-मातीत खोचायची, डबा सावलीत ठेवायचा. आठवड्यात मुळं सुटली की काडी वाफ्यात. “पुदिना लागला नाही असं कधी होत नाही,” ती म्हणायची. “लावणाऱ्याचा हात मेलेला असला तरी लागतो.”

वाटणीत अंगणाच्या मधून भिंत आली. कमरेइतकी झाली आणि उंची किती घ्यायची यावरून आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, आणि नानांचं पुन्हा भांडण झालं. भिंत तिथंच थांबली. पुदिना थांबला नाही. पायाखालून तो नानांच्या शेवंतीत निघाला. नाना साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात होते. त्यांचे वाफे दोरी लावून आखल्यासारखे. ते पुदिना उपटून भिंतीवरून आमच्याकडे भिरकावायचे आणि आई तो गोळा करून पुन्हा लावायची. अशी दोन्ही घरं काही न बोलता एकमेकांशी बोलत होती. नानांचं शेवटचं वाक्य दिवाळीनंतर आलं होतं, भिंतीवरून, आण्णांना उद्देशून. “तुमचं ते रान आवरा, नाहीतर मी आवरीन.”

त्या रविवारी सकाळी आई मागच्या दारानं आत आली तेव्हा तिच्या पदरात पुदिना मावत नव्हता. पानांवर दव होतं. पदर ओला झाला होता.

“एवढा कुठं मिळाला?” मी विचारलं. “आपल्याकडे तर खुंट आहेत.”

“कोपऱ्यात होता.”

“कुठल्या कोपऱ्यात?”

“सुलू, तू साडीला पिना लाव. पाहुणे चार वाजता येतायत, चौकशीला नाही येत.”

तिनं पानं तीन पाण्यांतून धुतली, काड्या सवयीनं डब्यात खोचल्या, आणि दुपारी चटणी वाटली.

चारला पाहुणे आले. आई भजी तळत होती, मी ताटल्या लावत होते. मागच्या अंगणातून हाक आली. “वहिनी.”

आवाज नानांचा होता. आम्ही दोघी थबकलो. इतक्या वर्षांत त्यांनी आईला हाक मारली नव्हती.

“वहिनी, जरा बाहेर या.”

आईनं झारा ठेवला. मला वाटलं जाईल. ती उठली, मागच्या दाराची कडी घातली आणि परत कढईपाशी बसली. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

“लक्ष देऊ नकोस,” ती म्हणाली. “ताटल्या ने.”

दारावर थाप पडली. मग आणखी एक. मग काही नाही. मी ताटल्या बाहेर ठेवल्या, पेले आणायला आत गेले, आणि परत आले तोवर नाना वळसा घालून पुढच्या दारात होते.

भजं काढून घेतल्यावर त्यांनी टीपॉयवरची चटणीची वाटी उचलली. मग ढेंबरेबाईंची ताटली, महेंद्रची ताटली. बाईंनी ताटली सोडली नाही. नानांनी ती ओढून घेतली. भजी जाजमावर पडली.

“नाना, तोल गेलाय का तुझा?” आण्णा उभे राहिले. “पाहुणे आहेत.”

“माहीत आहे. खाल्ली कुणी अजून?”

“काय?”

“चटणी. खाल्ली का कुणी?”

“कुणाला खाऊ दिलीस तू?” मामा म्हणाले. ते मनगट चोळत होते.

नाना स्वयंपाकघरात घुसले. मी मागं धावले. त्यांनी चटणीचं पातेलं उचललं, मिक्सरचं भांडं उचललं, कडी काढून अंगणात गेले, सगळं न्हाणीच्या खड्ड्यात उपडं केलं आणि वर बादलीभर पाणी ओतलं. भांड्याच्या कडेला चिकटलेलंसुद्धा त्यांनी बोटानं निपटून काढलं. आई दारात उभी होती. मागं आण्णा, त्यांच्या मागं महेंद्र. ढेंबरेबाई खोलीच्या तोंडाशी येऊन बघत होत्या.

नाना आईकडे वळले. “तुम्ही खाल्लीत का ही, वहिनी? का नुसती दुसऱ्यांना वाढायला केली होती?”

“मीठ बघितलं,” आई म्हणाली. “बोटावर घेऊन. आता त्याचाही जाब द्यायचा का तुम्हाला?”

“बोटावरच?”

“बोटावरच.”

नानांनी रिकामं भांडं दारात ठेवलं. मग भिंतीवर हात टेकून पलीकडे उतरले.

“आजपासून तू मला मेलास,” आण्णा त्यांच्या पाठीला म्हणाले. नानांनी मागं बघितलं नाही.

सुपारी ताम्हनात तशीच राहिली. मामा चप्पल घालता घालता बोलत होते. घरात असली माणसं असताना सांगायचं नाही का, उद्या लग्नात मांडव पेटवतील. ढेंबरेबाई एवढंच म्हणाल्या, “घरी बोलून कळवतो.” महेंद्र सगळ्यांत शेवटी निघाला. माझ्याकडे बघून “येतो” म्हणाला आणि थांबला, जणू मी काही सांगेन. मी जाजमावरची भजी गोळा करायला वाकले.

दुसऱ्या दिवशी आईचं पोट बिघडलं. डोक्याला ताप झाला की पोटावर जातं, ती म्हणाली, आणि पडून राहिली. मी कपडे वाळत घालत होते तेव्हा भिंतीपलीकडून काकीनं विचारलं, “सुलू, वहिनी जेवल्या का?”

“तुम्हाला काय करायचंय?”

“नुसतं सांग.”

“नाही जेवली. झालं समाधान?”

काकीचा चेहरा उतरला. “उलटी झाली का? पाणी पाज गं. साखर-मीठ घालून सारखं पाज. आणि उलटी झाली तर मला हाक मार, दिवस-रात्र बघू नकोस.”

मी उलटं बोलायला तोंड उघडलं होतं, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते कसलं, ते मला कळेना. मी बादली उचलून आत आले. संध्याकाळपर्यंत आई उठून बसली, भात खाल्ला. काकी तेव्हाही भिंतीपाशी होती.

आण्णा वकिलाकडे जाऊन आले. मध्यस्थांचा निरोप आला. मामांनी नाही म्हणून टाकलंय, बाईंनी मात्र अजून तोंड उघडलेलं नाही. आईनं तो निरोप दोनदा म्हणवून घेतला. मग म्हणाली, “नसेल नशिबात.” मी शाळेत जात होते, फळ्यावर समीकरणं लिहीत होते आणि मुलांनी चूक दाखवली की पुसत होते.

आठवडा होत आला तेव्हा मी काड्यांना पाणी घालायला डब्यापाशी बसले.

डब्यात दोन ओळी होत्या. आतल्या बाजूची ओळ मामांच्या पहिल्या भेटीच्या वेळची. आमच्या वाफ्यातली. तिला नवी पानं फुटली होती. बाहेरची ओळ त्या रविवारची. ती पिवळी पडून माना टाकून बसली होती. शेंडे करपल्यासारखे. माती तीच, पाणी तेच, सावली तीच. मी एक काडी ओढली. ती सुळकन वर आली. खाली मूळ नव्हतं, नुसता काळपट चिकटा.

मग मी वाफ्याकडे बघितलं. भिंतीलगतच्या खुंटांना आलेली पालवी पांढरट पिवळी होती. दूरची हिरवी होती.

“आई,” मी हाक मारली. “त्या दिवशीचा पुदिना कुठला होता?”

ती आली. तिनं डबा बघितला. वाकून एक एक काडी उपटली, आठ-दहा उपटल्या, आणि त्या मुठीत घेऊन तशीच जमिनीवर बसली.

“पलीकडचा,” ती म्हणाली. “भिंतीवरून ओणवी होऊन खुडला. पहाटे. कुणी उठायच्या आत.”

“आणि ते दव...”

तिनं काड्यांची टोकं बोटानं चाचपली. माझ्याही डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत होती. मागच्या दारावरची थाप. निपटून काढलेलं भांडं. काकीचं साखर-मीठ.

“मला वाटलं, टोमणा मारतायत,” आई म्हणाली. “खाल्लीत का म्हणून विचारत होते गं ते.”

ती उठली आणि भिंत ओलांडली. साडीत होती, आणि वयही नव्हतं भिंती ओलांडायचं. मी हात दिला आणि मागोमाग उतरले. नानांच्या बाजूला भिंतीलगत सगळा पुदिना तपकिरी होऊन पडला होता, कडेची शेवंतीही.

नाना ओट्यावर बसले होते. आईनं मूठ उघडून काड्या त्यांच्यासमोर ठेवल्या.

“कधी मारलं होतं?”

“शनिवारी. दिवस मावळताना.” त्यांनी काड्यांकडे बघितलं. “तणनाशक. उसातलं उरलेलं होतं. रविवारी दुपारी बघायला गेलो तर शेंडे खुडलेले. आणि तुमच्या खिडकीतून मिक्सरचा आवाज.”

“दुपारीच यायचं मग.”

“दुपारी वाटलं, कुणाची शेळी लागली असेल. मिक्सर काय, रोजच लावता. मग चारच्या सुमाराला भज्यांचा वास आला, आणि भज्यांबरोबर तुमची पुदिन्याची चटणी ठरलेली. तेव्हा हाक मारली.”

“ऐकली मी.”

“मग?”

“मला वाटलं, चोरी धरलीत. पाहुण्यांसमोर बोलाल.”

काकी दारात आली होती. “हे कारखान्याच्या डॉक्टरांना विचारून आले, वहिनी,” ती म्हणाली. “धुतलेल्या पानाचं बोटभर, त्यानं काही होत नाही म्हणाले. पण तुम्ही सोमवारी उठला नाहीत. दोन दिवस आमच्या घशाखाली घास नव्हता.”

मला राहवलं नाही. “नानाकाका, आण्णांना बाजूला घेऊन सांगता आलं असतं. पुदिन्यावर औषध पडलंय म्हणून.”

“मामाच्या हातात भजं होतं, सुलू.”

“नंतर सांगायचं. आठवडा झाला.”

“काय सांगू?” नाना म्हणाले. “औषध माझ्या बाजूला मारलं. मग पुदिना तुमच्या ताटात कसा आला, हे पहिलं विचारणार. तिरसट काका कुठल्या घरात नसतो? लोक चार दिवस बोलतात आणि सोडून देतात. पण मुलीची आई पहाटे दुसऱ्याच्या वाफ्यात वाकते, हे मुलीला जन्मभर पुरतं. तू सासरी मिठाची बरणी हलवलीस तरी बघतील.” ते आईकडे वळले. “आता कळलंय ते इथंच राहू द्या. आण्णांना पण सांगू नका. दुसरं स्थळ येईल.”

आई जमिनीकडे बघत होती. “आमच्या बाजूचा पण पिवळा पडलाय.”

“पडणार. पानातून मुळात उतरतं ते. मी गावोगाव शेतकऱ्यांना हेच सांगत फिरलो.” त्यांनी एक काडी उचलून बाजूला ठेवली. “मध्ये भिंत आहे म्हणून धरून चाललो, मुळंही दोन झाली असतील.”

दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघाले तर आई फाटकापाशी उभी. चांगली साडी, काखेत तो तेलाचा डबा.

“तरडगावची एसटी कुठं लागते?” तिनं विचारलं.

“आई, नको. नाना काय म्हणाले ऐकलंस ना?”

“ऐकलं. म्हणून तर चाललेय. तुला यायचं नसलं तर शाळेत जा.”

मला जायचं नव्हतं. ती बोलली तर स्थळ कायमचं जाणार आणि गप्प राहिली तर मामांची समजूत निघायची थोडी तरी आशा, असा माझा हिशेब होता. एसटीत मी तो तिला सांगितला. डबा तिनं मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता.

ढेंबरेबाई ओसरीवर पावटा सोलत होत्या. आम्हाला बघून उठल्या नाहीत. “बसा,” म्हणाल्या. महेंद्र कामावर गेला होता.

आई बसली नाही. तिनं डबा त्यांच्यापुढं ठेवला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कुठं वाकली, किती खुडला, दाराला कडी का घातली. एक गोष्ट सोडली नाही. मी पायरीकडे बघत होते. गोठ्यात म्हैस दावं ओढत होती, तेवढाच आवाज.

“चोरी मी केली,” आई शेवटी म्हणाली. “पोरीला माहीत नव्हतं. आणि माझ्या दिरानं तुमच्या भावाच्या तोंडातला घास काढला, तो वैरानं नाही काढला. एवढंच सांगायला आले.”

बाईंनी पावट्याचं सूप बाजूला सरकवलं. डब्यात उरलेली एक वाळकी काडी ओढली. तिचं टोक निरखलं. शेजारच्या हिरव्या ओळीतली एक ओढली. तिला पांढरी मुळं लोंबत होती. दोन्ही काड्या त्यांनी बराच वेळ हातात धरल्या.

“दीर सोबत का नाही आले?”

“मी आलेय हे त्यांना ठाऊक नाही. सांगू नका म्हणाले होते.”

“स्वतःवर घेऊन बसले?”

“हो.”

“आणि तुमचे मालक?”

“त्यांना घरी गेल्यावर सांगणार आहे.”

बाई आत गेल्या. चहा येईल असं वाटलं. चहा आला नाही. घरामागून हंड्याचा, पाण्याचा आवाज आला. आईनं माझ्याकडे बघितलं आणि डबा उचलला. आम्ही पायऱ्या उतरलो. फाटकापर्यंत गेलो तेव्हा मागून त्या आल्या. त्यांच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली पुदिन्याची जुडी होती, मातीसकट.

“तुमच्या वाफ्यातलं आता बरेच दिवस काही घेऊ नका,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या जागी लावा. सावलीत.”

परतीच्या एसटीत आईनं दोनदा जुडीचं फडकं उघडून बघितलं.

“काय म्हणाल्या गं त्या?” ती म्हणाली. “हो, का नाही?”

“लावा म्हणाल्या.”

“ते ऐकलं मी. तुझं काय म्हणाल्या?”

मी फडक्याची गाठ पुन्हा नीट बांधून तिच्या हातात दिली.

ज्या वाफ्यातून ती जुडी उपटली होती तो आज माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी आहे. सासूबाई गेल्यापासून पाणी मी घालते, शाळेची एसटी धरायच्या आधी. माहेरची भिंत अजून कमरेइतकीच आहे आणि दोन्ही बाजूंना पुदिना आहे. आण्णा आणि नाना एकमेकांशी मोजकंच बोलतात, पण बोलतात.

नाना आमच्याकडे कधी आले आणि मामाही असले, की मी भजी तळते. चटणीची वाटी ठेवली की मामा हात मांडीवर घेऊन बसतात. नाना वाटी आपल्याकडे ओढतात, एक बोट चाटतात आणि बाहेर अंगणाकडे बघत थोडा वेळ थांबतात. मग वाटी मामांपुढं सरकवतात.

“घ्या,” म्हणतात.